लाल हुमणीचं बियाणं

सारजानं उसाचं बेट धरून नुसतं हलवलं, तर ते मुळा उपटल्यासारखं सबंध हातात आलं. ऊस पुरुषभर उंच, पानं अजून निम्मी हिरवी, आणि खाली मुळ्याच नाहीत. बुडखा कुरतडून साफ. तिनं खुरप्यानं माती उकरली. बोटाएवढी लठ्ठ पांढरी हुमणीची अळी अंग मुडपून निवांत पडली होती, पाटलाच्या पोरानं जेवून लवंडावं तशी.

"गिळ रांडंच्या, गिळ," म्हणत तिनं ती खुरप्यानं चिरली. मग शेजारची चिरली. वाकून पुढं पुढं सरकत राहिली आणि सरी संपल्यावर कंबर धरून उभी राहिली, तेव्हा तिला कळलं की अशानं काही होत नाही. एवढ्या उसाला दोन हात किती पुरणार? पण कळलं म्हणून हात थांबेनात. ती दुसऱ्या सरीत शिरली.

साल एकोणीसशे चौतीसचं. नीरेच्या पाटाचं पाणी लासुर्ण्याच्या शिवारात येऊन जमाना झाला होता. पाटाखालची जमीन म्हणजे सोनं, असं बारामतीच्या पेठेत तक्क्याला टेकून बसलेली माणसं म्हणत. त्यांनी जन्मात हुमणी बघितलेली नव्हती. साखरेला दिवस चांगले आले तशी एक कंपनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं, ठराविक भाड्यावर, घ्यायला लागली होती. एका वर्षासाठी नव्हे, पोरगं बाप होईल एवढ्या मुदतीनं. कंपनीचा माणूस डोक्यावर हॅट घालून बांधाबांधानं फिरे आणि ज्याचा ऊस पिवळा दिसेल त्याच्या ओट्यावर जाऊन बसे. गिधाडाला एवढं नाक नसतं.

यंदा तो महिपतीच्या ओट्यावर बसला होता. महिपती म्हणजे सारजाचा थोरला दीर. तो आणि सारजाचा नवरा म्हस्कू, दोघांची जमीन एकत्र, चूल एकत्र. महिपतीनं पाहुण्याला गूळ घातलेला चहा पाजला आणि शब्द देऊन टाकला. दसऱ्यापर्यंत ऊस सावरला तर सावरला; नाही तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ इंदापूरला येऊन आंगठे देतील. म्हस्कू खाली मान घालून सुतळी वळत होता.

सारजा दाराआड उभी होती. त्या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नसे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिनं महिपतीला तोंडावर एक शब्द टाकलेला नव्हता. बोलायचं झालं तर खांबाला बोलायचं, बैलाला बोलायचं, नाही तर जावेला. पाहुणा गेल्यावर ती खांबाला म्हणाली, "जमीन दिल्यावर आपण काय करायचं म्हणं?"

"धोंडे, सांग तिला," महिपती आपल्या बायकोला म्हणाला, "कंपनी रोजानं काम देणार हाय."

"आपल्याच रानात रोजानं जायाचं?" सारजानं खांबाला विचारलं.

"सांग तिला, हुमणी रोजबी देत न्हाय."

धोंडाबाई दोघांच्या मध्ये उभी राहून कण्यांना आधण ठेवत होती. "दोघांस्नीबी आयकू येतंय," ती म्हणाली. "मला कशाला राबवताय?"

त्या दिवसापासून सारजाला बसवेना. भाकरी थापताना ती उठून दारात जाई, दारातून परत येई, तव्यावरची करपे. म्हस्कूला काही विचारलं की तो म्हणे, "बघू." तिला वाटे ह्या 'बघू'च्या तोंडात हुमणी कोंबावी. तिच्या लेखी गोष्ट साधी होती. दसऱ्याच्या आत हुमणी मेली तर जमीन राहणार, न मेली तर जाणार. आणि हुमणी मारायचे गावाला ठाऊक होते तेवढे उपाय करून झाले होते. वेचून झाली. पाटाच्या पाण्यात हिंगाची पुरचुंडी सोडून झाली. करंजाची पेंड घालून झाली. देवऋषी बांधावर लिंबू पुरून कोंबडं घेऊन गेला; त्याचं तेवढं भलं झालं.

गौरी यायच्या सुमारास ती चिबडात गेली. पाटाच्या पाझरानं रानाचा एक कोपरा बारमाही ओला असे. तसल्या जमिनीला चिबड म्हणत आणि नाक मुरडत. तिथं ऊस कधी वर निघालाच नाही, खुजा, गुडघ्याकंबरेएवढा. पण यंदा तोच हिरवा होता. सारजानं बेट हलवलं. हललं नाही. जोर लावला, तरी मुळ्यांनी माती सोडली नाही.

तिनं उकरलं. हुमणी होती, पण पांढरी नव्हती. भाजलेल्या विटेसारखी लाल. हातात घेतली तर ढिली, पाणी भरलेल्या पिशवीसारखी, आणि मेलेली. घाण मात्र येत नव्हती. मेलेल्या किड्याला वास मारत नाही म्हणजे काय? तिनं नखानं कातडी फाडली आणि तळहात उन्हाकडं धरला. आतल्या रसात बारीक दोरे वळवळत होते. केसाच्या टोकाएवढे, पांढरे, अगणित. पुढं शिकलेल्या लोकांनी त्यांना सूत्रकृमी म्हटलं. सारजाला नाव माहीत नव्हतं आणि नावावाचून तिचं काही अडलं नाही.

मानमोडीच्या तापाच्या साथीत तिच्या माहेरी घरंच्या घरं झोपली होती. एका घरातलं मरण शेजारच्या घरात कसं जातं हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. ती चिखलात मांडी घालून बसली आणि एकटीच मोठ्यानं म्हणाली, "हिला मानमोडी लागलीया!"

कान फुटलेल्या मातीच्या मोग्यात तिनं चिबडातली ओली माती भरली, लाल हुमण्या ठेवल्या, वर चार धडधाकट पांढऱ्या सोडल्या आणि मोगा गोठ्याच्या सावलीला ठेवला. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. सारजाचं चित्त मोग्यात. गौरीविसर्जनाहून परत आल्यावर तिनं माती उपसली तर चारही लाल. तिनं म्हस्कूला हाताला धरून गोठ्यात नेलं. "बघा. बघू बघू म्हणता न्हवं? बघा आता."

म्हस्कूनं एक लाल हुमणी काडीनं उलटी केली, सुलटी केली. "रोग हाय का?"

"आपल्याला न्हाय. तिला हाय."

"मग गावभर लावायला पायजे," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता.

इथवर सारं ठीक होतं. इथून पुढं तिनं जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं, कारण दुसऱ्या कोणाला सारजाएवढा बियाण्याचा गर्व नव्हता. तिच्या वांग्याचं, मिरचीचं, दोडक्याचं बी न्यायला पार सांगवीपासून बाया येत. तिचं बी किडत नसे, फसत नसे. ती ते कडक उन्हात वाळवी, गोवरीची राख चोळी, मडक्यात भरी आणि तोंड शेणानं लिंपून टाकी. हातात काहीही राखण्यासारखं आलं की तिचे हात आपणहून हेच करत. आणि आता तर तिच्या हातात हुमणीच्या मरणाचं बियाणं होतं. पाटाच्या पाण्याची पाळी लांबली होती. तवर माल टिकवायला नको? तिनं आणि म्हस्कूनं चिबड उकरून लाल हुमण्या पाटीभर गोळा केल्या. शेजारच्या बायांनी हात लावला नाही, लांबून पदर नाकाला लावून बघत राहिल्या. सारजानं घराच्या सपाट माळवदावर धडपा अंथरला. भाद्रपदाचं ऊन असं पडलं होतं की माळवदावर पाय ठरत नव्हता. हुमण्या सुकून मिरचीच्या देठासारख्या झाल्या. तिनं राख चोळली, मडकं भरलं, लिंपलं. ज्या मोग्यात ओल्या मातीत काम फत्ते झालं होतं, तो मोगा तिनं घासून पालथा घातला. डोळ्यांनी बघितलेलं सोडून बाईनं सवयीचं केलं. माणूस हुशार असला की असाच आपटतो.

पाळी आली. उसाला पाणी बसलं. वाफसा यायची, माती जरा सुकायची वाट न बघता सारजानं मडकं फोडलं आणि चिखलातून सरीसरीनं मूठ मूठ टाकत गेली. बांधावर माणसं जमली होती.

"सारजाकाकी, हुमणीचं बी पायलीला काय भावानं दिलं?" एकानं विचारलं.

"तुझ्या आईला देऊन आलीया, तिला इचार," सारजा म्हणाली आणि पुढं गेली.

मग तिनं दम धरला. तो धरवला जात नव्हता. रोज रानात जायची, उकरायची, पांढरी हुमणी तिच्याकडं मान वळवायची. पुन्हा माती लोटून घरी. पितर झाले. ऊस आणखी पिवळा पडला, वारं आलं की बेटंच्या बेटं आडवी होत. एकही लाल हुमणी निघाली नाही. सर्वपित्रीच्या दिवशी महिपती स्वतः रानात आला, त्यानं फावड्यानं माती उलटली आणि वळवळणाऱ्या हुमण्या बायकोला दाखवल्या.

"सांग तिला, धोंडे. हुमणीला भस्म फासून झालं. आता बेल वाहा म्हणावं."

बांधावरची माणसं पोट धरून हसली. म्हस्कू हसला नाही, पण तो सारजाकडं बघतही नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. घरी येऊन तिनं जात्यावर दळण घातलं आणि दाणे संपले तरी जातं फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी घट बसले. धोंडाबाई थोरली, म्हणून घट तिच्या हातचा. पत्रावळीवर तिनं रानातली वावरी म्हणजे काळी माती पसरली, तीत धान्य पेरलं, मधोमध पाण्यानं भरलेला कच्चा घट ठेवला. घट पाझरतो, माती ओली राहते, धान्य उगवतं. सारजा शेजारी बसून माळ ओवत होती. बोटं चालत होती, डोकं उसात.

"जरा पानी शिंपड गं," धोंडाबाई म्हणाली. सारजानं ऐकलं नाही. "अगं ए! का ह्यालाबी राख लावतीस?"

"द्या तुमीबी डागण्या," सारजा म्हणाली.

"डागण्या कशाला दिऊ? मला तर तुझं काय कळलंच न्हाय. तूच म्हणत हुतीस का न्हाय, त्या दोऱ्यास्नी जीव हाय म्हणून? वळवळत्यात म्हणून?"

"हायच."

"मग बये, बी वाळवून जगतं. किडा जगतो व्हय? गांडूळ उन्हात टाकून बघ की. घटकेत वाळून वादी हुती त्याची." धोंडाबाई खुसुखुसू हसली. "हुमणी मारायची सोडून हुमणीच्या मारेकऱ्यास्नीच भाजलंस तू. माळवदावर. धडपा हातरून."

सारजाच्या हातातली माळ खाली पडली. धोंडाबाई घाबरली. "रागावलीस व्हय? चेष्टा केली गं."

"चेष्टा न्हवं ती, जाऊबाई," सारजा म्हणाली. "ती चेष्टा न्हवं." आणि मातीचे हात तसेच घेऊन ती बाहेर पळाली.

रानाच्या वाटेनं ती स्वतःला शिव्या घालत गेली. साथ कधी वाळवून ठेवतात? साथ एका ओल्या घशातून दुसऱ्या ओल्या घशात जाते. चिबडातच हुमणी का मेली? चिबड ओलं म्हणून. मोग्यात का मेली? मोगा ओला म्हणून, सावलीत म्हणून. सगळं समोर वाढून ठेवलं होतं आणि तिनं ताट उचलून उन्हात नेलं होतं. गर्व, दुसरं काय! सांगवीच्या बाया येतात म्हणून!

म्हस्कू बांधावर बैल चारत होता. तिनं धापा टाकत सांगितलं. तिला वाटलं आता म्हणतो 'बघू'. तो म्हणाला, "पाट्या किती हायत?"

ऊन कलल्यावर दोघांनी चिबडात हात घातला. लाल हुमण्या पहिल्यासारख्या मुबलक नव्हत्या. पाटीभर तर तिनंच जाळल्या होत्या. म्हणून ह्या वेळी हुमणीसकट भोवतालची ओली मातीही उचलली. वर ओलं गोणपाट. डोक्यावरून गाळ कपाळावर, कपाळावरून डोळ्यांत. प्रत्येक बेटाच्या बुडाशी खड्डा, खड्ड्यात मूठभर माती, वर लगेच झाकण, उन्हाची तिरीपसुद्धा लागू द्यायची नाही. दिवस मावळेपर्यंत निम्मं रान झालं आणि माल संपला. पलीकडच्या अंगाला द्यायला काहीच उरलं नाही.

आता पाणी पाहिजे होतं. वरची माती तडकायला लागली होती. घट बसल्यावर पाटाची पाळी आली खरी, पण महिपतीनं सांगून ठेवलं होतं: पाणी शेजारच्या मिरचीला. मरणाऱ्या उसावर थेंब घालवायचा नाही. सकाळी म्हस्कू फावडं घेऊन दारं धरायला, पाणी वळवायला उभा राहिला. पाटाचं पाणी चारीतून मिरचीकडं धावत होतं. सारजा चारीत उतरली.

"उसाकडचं दारं फोडा."

"आबानं मिरचीला सांगितलंय."

"आबानं आंगठाबी सांगितलाय. त्योबी देणार?"

म्हस्कूनं फावड्याचा दांडा ह्या हातातून त्या हातात घेतला. पाणी चाललं होतं. एवढ्यात बांधावरून महिपती येताना दिसला. काय चाललंय ते त्यानं लांबूनच ओळखलं. "म्हस्क्या! तिला सांग, चारीतनं बाहेर हो म्हणावं!"

सारजानं डोईवरचा पदर सावरला. आजूबाजूला खांब नव्हता, बैल नव्हता, जाऊ नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "मिरची पुढच्या पाळीपातूर दम काढंल. ऊस न्हाय काढायचा."

महिपती जागच्या जागी थबकला. वर्षानुवर्षं एका घरात जेवलेल्या बाईचा आवाज आपल्या अंगावर येताना त्यानं पहिल्यांदा ऐकला होता. तो भावावर ओरडला, "बायकूला आवर की रं! लाज न्हाय वाटत?"

"पानी वाया चाललंय, आबा," म्हस्कू म्हणाला आणि त्यानं फावडं घातलं. दाऱ्याची माती ढासळली. पाणी क्षणभर गिरकी घेऊन थांबलं आणि मग भसकन उसात शिरलं.

"भिजव!" महिपती म्हणाला. "मरत्याच्या तोंडात पानी घालत्यात तसं भिजव. पर दसरा झाला की आंगठा. तवा मी कुनाचं ऐकायचा न्हाय."

दुसऱ्या माळेला हुमण्या पांढऱ्याच. तिसऱ्या माळेला पांढऱ्याच. सारजाला नवरात्राचा उपास होता, पण उपास नसता तरी घास उतरला नसता. उकरल्यावर ऊन लागेल म्हणून ती आता पदराची सावली धरून उकरी आणि चोरासारखी माती लोटी. बघितल्याशिवाय राहवेना, आणि बघून आपणच बिघडवतोय असं वाटे. पाचव्या माळेला एक हुमणी मेलेली निघाली; रंग धड पांढरा नाही, धड लाल नाही. सारजा तिच्याकडं बघून रडली, आणि हुमणीसाठी रडणारी आपणच पहिली असू असं वाटून तिला हसूही आलं. सातव्या माळेला विटेच्या रंगाच्या हुमण्या मुठीनं निघाल्या.

दसऱ्याला कंपनीचा माणूस सोनं द्यायला आला आणि आपट्याची पानं महिपतीच्या हातात ठेवून उद्याची आठवण करून गेला. सकाळी महिपतीनं गाडी जुंपली. म्हस्कू शेजारी बसला. काल संध्याकाळी दोघा भावांत काय बोलणं झालं ते सारजाला कळलं नव्हतं. विचारलं तर म्हस्कू भिंतीकडं तोंड करून पडला होता. ती गाडीच्या मागून चालत निघाली आणि रानाशी आल्यावर पुढं होऊन तिनं बैलाची वेसण धरली.

"आबा, खाली उतरा. तुमच्या हातानं उकरा. मनाला यील तितं."

"पुन्यांदा तेच?"

"बघून जावा. मग कुटंबी जावा."

महिपती उतरला. मुद्दाम पलीकडच्या अंगाला गेला, जिथं माल पुरला नव्हता, आणि फावडं मारलं. पांढऱ्या, टपोऱ्या, जित्या. त्यानं फावडं टेकवून सारजाकडं बघितलं.

"तितं माझा माल पोचला न्हाय," ती म्हणाली. "आता अल्याड मारा."

अल्याड मारलं. लाल. आणखी एका बेटाखाली लाल. तिसऱ्याखाली लाल चार आणि पांढरी एक, सुस्त. बेट हलवलं तर बुडाशी नव्या मुळ्यांची पांढरी टोकं दिसत होती. महिपती उकिडवा बसला. त्यानं ती टोकं बोटानं चाचपली. शेतकरी होता तो. कंपनीचा माणूस असता तर उभ्यानंच बघितलं असतं.

"निम्मा ऊस गेला की," तो शेवटी म्हणाला.

"निम्मा हाय."

"आणि पुढल्या साली? पुन्यांदा हुमणी आली तर?"

"येणारच. ती न्हाय येणार असं मी म्हटलं तर खोटं हुईल."

महिपती उठला, धोतराची माती झटकली. "निम्म्याच्या भरवशावर मला पोरं वाढवायची न्हाईत. कंपनी पुरा खंड देतीया. चल म्हस्क्या, बस."

म्हस्कू एका लाल हुमणीवर वाकला होता. त्यानं ती फाडली होती आणि तळहातावर ते दोरे वळवळत होते. त्यानं हात झाडला नाही. अलगद तो हात बेटाच्या बुडाशी मातीत पुसला आणि वर ओली माती ओढली.

"मी येत न्हाय, आबा."

"तुझ्या आंगठ्याबिगर कागूद हुईल का?"

"न्हाय हुयाचा."

"मग वाटणी कर. माझं मला दे. माझ्या निम्म्याचं मी काय करायचं ते करीन. चूलबी येगळी, गोठाबी येगळा. हाय कबूल?"

एवढं सारजानं धरलं नव्हतं. धोंडाबाई, तिच्यासोबत रोज एका परातीत कालवलेलं पीठ, गोठ्याला मधोमध उभी राहणारी भिंत. ती म्हस्कूला 'थांबा' म्हणणार होती. पण म्हस्कूनं तिच्याकडं बघितलंच नाही.

"कबूल," तो म्हणाला.

महिपती गाडीत चढला. गाडी इंदापूरच्या दिशेला न जाता वळून गावाकडं गेली. वाटणीला पंच लागतात. धुरळा बसेपर्यंत दोघं उभी होती. सारजाला आनंद झाला नाही. तिच्या मनात भलतंच चाललं होतं. उद्या बांध पडेल. चिबड कोणाच्या वाट्याला जाईल? पल्याडच्या निम्म्यात कंपनीचे नांगर येतील, आणि त्या निम्म्यातल्या पांढऱ्या हुमण्या इकडं येणारच. हुमणीला बांध कळत नाही.

"अल्याडच्या लाल हुमण्या आणि चिबडाची वली माती आजच उपसायला पायजे," ती म्हणाली. "वाटणीच्या आत. पल्याडबी घालू."

"पल्याड? ते तर आबाच्या वाट्याला जाणार."

"जाऊ द्या. तितली मरंल तवाच हितली मरंल."

म्हस्कू काही म्हणणार होता, बहुतेक 'बघू', पण ते त्यानं गिळलं. ऊन चढायला लागलं होतं. सारजानं गोणपाट उचललं आणि चारीत बुडवलं.

"उभं काय ऱ्हायलाय? पाट्या आणा."